जुना गार्डन ट्रॅक्टर खोललाय आणि पार्ट ओळखू येत नाहीत? मग असं शोधा

जुना गार्डन ट्रॅक्टर हातात येतो तेव्हा बहुतेक वेळा तो अर्धा खोललेला असतो. सोबत एखाद्या डब्यात सुटे पार्ट, आधीच्या मालकाला पण नक्की माहीत नसतं त्यातलं काय याच ट्रॅक्टरचं आणि काय दुसऱ्या कुठल्या मशीनचं. नवीन माणूस इथेच अडकतो. तो एकेक पार्ट उचलतो, फोटो काढतो आणि "याला काय म्हणतात" म्हणून नाव शोधत बसतो. माझं म्हणणं सरळ आहे, नाव सगळ्यात शेवटी. आधी पार्ट काय काम करतो ते काढा, मग नंबर, मग माप, नाव आपोआप येतं. आणि समजा नाहीच आलं तरी काम आणि माप माहीत असेल तर पार्ट मिळतो किंवा लेथवर करून घेता येतो.

हे लिहितोय ते मुख्यतः १९६० ते १९८५ च्या आसपासच्या पेट्रोल इंजिनवाल्या छोट्या ट्रॅक्टरबद्दल, म्हणजे कब कॅडेट, व्हील हॉर्स, सिंप्लिसिटी, बोलेन्स, जॉन डिअर ११० वगैरे. बाकीच्यांना पण बरंचसं लागू होईल.

आधी हे जमवून ठेवा

- व्हर्नियर कॅलिपर (इंच आणि मिमी दोन्ही दाखवणारा)
- थ्रेड गेज, दोन्ही, इंचाचा आणि मेट्रिकचा
- मल्टीमीटर
- लोहचुंबक, टॉर्च, छोटा आरसा, भिंग
- खडू, मऊ वायर ब्रश, जुने टूथब्रश, रॉकेल किंवा डिझेल
- झिप लॉक पिशव्या, मार्कर, लेबलं
- कागद: ट्रॅक्टरचं पार्ट बुक, इंजिनचं सर्व्हिस मॅन्युअल, आणि वायरिंगचा डायग्राम. पहिली दोन वेगवेगळी असतात हे लक्षात ठेवा, ट्रॅक्टरच्या पुस्तकात इंजिनच्या आतलं सहसा काही नसतं.

१. आधी ट्रॅक्टरची ओळख, मग इंजिनची

ट्रॅक्टरला स्वतःचा मॉडेल नंबर असतो आणि इंजिनला स्वतःचा. ट्रॅक्टरची पट्टी सीटखाली, डॅशच्या खाली, मागच्या फेंडरवर किंवा ट्रान्समिशनच्या जवळ फ्रेमवर शोधा. इंजिनचा नंबर पंख्याच्या पत्र्याच्या कव्हरवर असतो, कधी पट्टी रिव्हेट केलेली, कधी पत्र्यावरच पंच केलेला.

ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनवर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन नंबर दिसतील. कोडचे पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे दोन महिना, त्यापुढचे दोन तारीख. म्हणजे ७४०३१२ ने सुरू होणारा कोड असेल तर ते इंजिन १२ मार्च १९७४ ला बनलं. आणि मॉडेल नंबरची सुरुवात घनइंचात क्षमता सांगते, ३२ ने सुरू झाला तर ३२ घनइंच. कोहलरच्या के सिरीजमध्ये पण अशीच सोय आहे: के१८१ म्हणजे साधारण १८ घनइंच आणि शेवटचा १ म्हणजे एक सिलिंडर, हे ८ हॉर्सपॉवरचं. के३०१ हे १२ हॉर्सपॉवरचं. के५८२ च्या शेवटी २ आहे कारण त्याला सिलिंडर दोन. कोहलरचा स्पेसिफिकेशन नंबर पण लिहून घ्या, एकाच के३०१ चे वेगवेगळ्या ट्रॅक्टरसाठी वेगवेगळे अवतार निघाले, कार्बोरेटर, स्टार्टर आणि शाफ्ट त्याप्रमाणे बदलतात.

इथला सापळा म्हणजे इंजिन बदललेलं असणं. या वयाच्या ट्रॅक्टरमध्ये ते फार कॉमन आहे. फ्रेमवर रिकामी भोकं, मधे टाकलेली अडॅप्टर प्लेट, बॉनेट थोडं कापलेलं, असं दिसलं की ट्रॅक्टरच्या पुस्तकातलं इंजिन गृहीत धरू नका.

दुसरी गोष्ट, कंपन्या विकल्या गेल्या. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट १९६१ मध्ये आला आणि १९८१ मध्ये तो धंदा एमटीडीकडे गेला. व्हील हॉर्स १९८६ मध्ये टोरोकडे गेली. अॅलिस-चाल्मर्सच्या रंगातले कितीतरी छोटे ट्रॅक्टर मुळात सिंप्लिसिटीचे. म्हणून एका नावाखाली पार्ट सापडला नाही तर दुसऱ्या नावाखाली शोधा, आणि जुना नंबर रद्द होऊन नवीन नंबर आलाय का ते बघा, बऱ्याच वेळा पार्ट उपलब्ध असतो, फक्त नंबर बदललेला असतो.

२. खोलताना पार्ट त्याच्या जागेसकट जपा

फोटो काढा, भरपूर काढा, आणि काढायच्या आधी काढा. एक लांबून, एक जवळून, एक मागून आरशात धरून. पिशवीवर "गिअरबॉक्स उजवी बाजू, वरचे दोन बोल्ट" असं लिहा, नुसतं "बोल्ट" लिहून काही उपयोग नाही. वायसर, स्पेसर (अंतर राखणारी नळी), शिम (पातळ चकती) ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा, कारण सुटा झालेला स्पेसर ओळखणं हे या सगळ्या कामातलं सर्वात अवघड काम आहे, त्याच्यावर नंबर नसतो, आकारातून काही कळत नाही, आणि चुकीच्या ठिकाणी गेला की पुली एका रेषेत येत नाही आणि पट्टा उडत राहतो.

काहीही फेकू नका. तुटलेला, गंजलेला, वाकलेला, सगळं ठेवा ट्रॅक्टर चालू होईपर्यंत. तुटक्या पार्टवरून माप मिळतं.

३. साफ करा, पण नंबर घालवू नका

नवीन लोक उत्साहात सँडब्लास्ट करतात किंवा ग्राइंडरला वायर व्हील लावून सगळं चकाचक करतात. उथळ पंच केलेले नंबर त्यात जातात. आधी रॉकेल आणि ब्रश, मग नंबर दिसला की त्यावर खडू घासा, खाचेत खडू भरतो आणि आकडे उठून दिसतात. टॉर्च आडवा धरला तर आणखी दिसतं. नंबर लिहून फोटो काढूनच पुढचं साफ करा.

चार गोष्टी सांभाळा. कॉस्टिक सोडा असलेलं क्लीनर अॅल्युमिनियमला खातं, त्यामुळे कार्बोरेटर किंवा अॅल्युमिनियमची केसिंग त्यात बुडवू नका. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि काही पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो, तिथे कंप्रेसरची हवा मारायची नाही, ओलं करून पुसायचं, मास्क लावायचा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका. आणि क्लोरीनवालं ब्रेक क्लीनर वापरलेल्या पार्टवर वेल्डिंग अजिबात नको, त्यातून विषारी वायू तयार होतो.

४. पार्टला विचारा, तू कुठे घासला गेलास

ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे आणि बहुतेक लोक हीच गाळतात. अनोळखी पार्ट हातात घ्या आणि नाव विसरून नुसती झीज बघा.

चकाकणारा, गुळगुळीत पट्टा शाफ्टभोवती गोल असेल तर तिथे बुश किंवा ऑइल सील फिरत होतं. एकाच बाजूला झीज असेल तर तिथे ओढ एकाच दिशेने होती, म्हणजे पट्ट्याचा ताण किंवा स्प्रिंग. भोक लंबगोल झालं असेल तर त्यात पिन पुढेमागे हलत होती, म्हणजे तो लिव्हर किंवा लिंकेजचा भाग. जुना रंग एका चौकोनी जागेत शाबूत असेल तर तिथे दुसरा पार्ट चिकटून बसलेला होता, तो चौकोन फ्रेमवर कुठे जुळतो ते शोधा. निळसर किंवा जांभळट झालेलं लोखंड खूप तापलेलं, म्हणजे क्लच, ब्रेक किंवा एक्झॉस्टच्या जवळचं.

मळ पण बोलतो. काळं पातळ ऑइल इंजिनचं, जाड, उग्र वासाचं ऑइल गिअरचं, सुकलेलं गवत चिकटलेलं असेल तर कटर डेकचं (खालच्या गवत कापायच्या भागाचं), काळी काजळी असेल तर सायलेन्सरकडचं. लोहचुंबक चिकटला तर लोखंड किंवा स्टील, नाही चिकटला तर अॅल्युमिनियम, जस्ताची ओतीव वस्तू किंवा पितळ. पितळी छोटं काही दिसलं तर आधी कार्बोरेटर आणि बुश या दोन ठिकाणी विचार करा.

मग ठरवा की पार्ट कशात बसतो: इंजिन, इंधन, वायरिंग, पट्टे-पुली, गिअरबॉक्स, स्टीअरिंग, की मागेपुढे जोडायची अवजारं. एवढं कळलं तरी पार्ट बुकची सगळी पानं चाळायची वेळ येत नाही.

५. नंबर वाचताना कुठला नंबर कशाचा

उठलेले, ओतताना आलेले आकडे म्हणजे कास्टिंग नंबर. तो पार्ट नंबर नाही! एकाच कास्टिंगवर वेगवेगळं मशीनिंग करून दोन-तीन वेगळे पार्ट बनवतात, त्यामुळे कास्टिंग नंबर पार्ट बुकात शोधून सापडत नाही, आणि सापडला तरी एखाद-दोन आकड्यांचा फरक असतो. तरी लिहून ठेवा, कुटुंब कळतं त्यावरून. पंच केलेला किंवा पट्टीवरचा नंबर जास्त कामाचा.

बेअरिंगवर नंबर असेल तर तुमचं नशीब चांगलं, ते जगभर एकच आहेत. ६२०३ म्हणजे आतलं भोक १७ मिमी, बाहेरून ४० मिमी, रुंदी १२ मिमी. ६२०४ म्हणजे २०, ४७, १४. ६२०५ म्हणजे २५, ५२, १५. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा पुढे असतील तर पाचने गुणा, भोक मिळतं. पुढे २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. पण कटर डेक आणि आयडलर पुलीत (पट्टा ताणून किंवा वळवून धरणाऱ्या मोकळ्या पुलीत) सापळा आहे: बाहेरून हुबेहूब ६२०३ पण आतलं भोक ५/८ इंच, म्हणजे १५.८७५ मिमी. साधं ६२०३ आणून बसवलं तर शाफ्टवर खुळखुळ वाजतं. म्हणून नंबर दिसला तरी भोक मोजाच.

ऑइल सीलला तीन मापं लागतात, शाफ्ट, बाहेरचा व्यास आणि रुंदी. माप सीलचं नाही, शाफ्टचं आणि ज्या खोबणीत सील बसतं तिचं घ्या, कारण जुनं रबर पसरलेलं असतं.

६. आटे, पट्टे आणि चाव्या मोजा

जुन्या अमेरिकन ट्रॅक्टरवर बहुतेक सगळं इंचात. ५/१६ चा बोल्ट ७.९४ मिमी असतो, म्हणजे एम८ च्या इतका जवळ की डोळ्याला फरक कळत नाही, आणि एम८ चा नट त्यावर एक-दोन फेरे जातो, पण मग अडकतो, लोक पाना लावून जोर करतात आणि ओतीव केसिंगमधले आटे कायमचे जातात. हाताने पूर्ण फिरत नसेल तर थांबा, थ्रेड गेज लावा. ५/१६ च्या जाड आट्याला इंचात १८ आटे, ३/८ ला १६, १/४ ला २०.

बोल्टच्या डोक्यावरच्या रेषा बघा, ३ रेषा म्हणजे ग्रेड ५, ६ रेषा म्हणजे ग्रेड ८, साधं डोकं म्हणजे मऊ बोल्ट. आणि मऊ बोल्ट दिसला म्हणून "चांगला" कडक टाकायची घाई करू नका. काही ठिकाणी तो मुद्दाम मऊ असतो, शिअर बोल्ट किंवा शिअर पिन. दगड अडकला की पिन तुटते आणि गिअर वाचतो, कडक टाकला तर पिन वाचते आणि गिअर तुटतो. ब्रिग्जच्या फ्लायव्हीलची (इंजिनच्या जड चाकाची) चावी, म्हणजे चाक शाफ्टवर जागेवर धरणारा छोटा तुकडा, पण अशीच मऊ धातूची असते, तिथे स्टीलची करून टाकू नका.

अर्धचंद्राच्या आकाराची चावी म्हणजे वुड्रफ की. तिचा नंबर मापच सांगतो: शेवटचे दोन आकडे व्यास, इंचाच्या आठव्या भागात, आणि त्याआधीचा आकडा जाडी, बत्तिसाव्या भागात. ४०४ म्हणजे १/८ इंच जाड आणि १/२ इंच व्यास. ६०६ म्हणजे ३/१६ आणि ३/४.

पट्ट्यावर ४एल४५० असं काही वाचता आलं तर ४एल म्हणजे १/२ इंच रुंद आणि ४५० म्हणजे बाहेरून ४५.० इंच लांब. तोच पट्टा ए सिरीजमध्ये साधारण ए४३ होतो कारण तिथे आतली लांबी मोजतात. हे न कळल्यामुळे लोक ए४५ आणतात आणि मग ताण बसत नाही म्हणून आयडलरला दोष देतात. जुना पट्टा ताणलेला असतो, त्यामुळे शक्य असेल तर पुस्तकातलं मापच धरा.

७. वायरिंगमधले डबे आणि नळकांडी

बॅटरी सोडा आधी. निगेटिव्ह पहिली.

इंजिनच्या बाजूला पट्ट्यावर फिरणारं मोटरसारखं लांब नळकांडं, त्यावर ए आणि एफ अशी दोन टर्मिनल, आणि फ्लायव्हीलला दाते नाहीत, तर तो स्टार्टर-जनरेटर आहे. सुरू करतो पण तोच आणि चार्जिंग पण तोच. लोक त्याला डायनॅमो समजून स्टार्टर हरवला म्हणून शोधत बसतात. त्याचा जोडीदार म्हणजे काळा किंवा पत्र्याचा डबा, आत तांब्याच्या तारेच्या कॉइल, तो व्होल्टेज रेग्युलेटर.

फ्लायव्हीलला दाते आणि वेगळा स्टार्टर असेल तर चार्जिंग फ्लायव्हीलखालच्या स्टेटरमधून (न फिरणाऱ्या कॉइलमधून) होतं आणि मग रेग्युलेटर म्हणजे अॅल्युमिनियमचा पंख असलेला चपटा तुकडा असतो. कोहलरवर त्याला तीन पाती असतात, कडेच्या दोन स्टेटरकडे, मधली बॅटरीकडे. याचं अर्थिंग बॉडीतून होतं, म्हणून नवीन रंगावर घट्ट बसवला तर चार्जिंग बंद पडू शकतं, बोल्टखालचा रंग खरवडा.

दोन जाड बोल्ट आणि एक-दोन बारीक टर्मिनल असलेला डबा म्हणजे स्टार्टर सोलेनॉइड. जाड प्लग वायरचं तोंड असलेला इग्निशन कॉइल. एकच वायर असलेला बोटाएवढा पत्र्याचा डबा कंडेन्सर, तो पॉइंटच्या (ठिणगीच्या वेळी उघडणाऱ्या संपर्काच्या) जवळ. कोहलर के सिरीजला पॉइंटचा गॅप ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिमी. सीटखाली, क्लच पेडलजवळ आणि पीटीओ लिव्हरजवळचे (अवजाराला इंजिनची ताकद जोडणाऱ्या लिव्हरजवळचे) छोटे स्विच सेफ्टीचे आहेत. जोडून चालू ठेवा, काढून वायर एकमेकांना बांधायची नाही, ते माणूस सीटवरून पडला तर इंजिन बंद व्हावं म्हणून आहेत.

चावीचा स्विच हा सगळ्यात धोकादायक सापळा. बाहेरून तोच, पाच पाती तीच, पण आत दोन प्रकार. मॅग्नेटोचा (बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या यंत्रणेचा) स्विच बंद केल्यावर मॅग्नेटोची वायर अर्थ करतो. बॅटरी-कॉइलचा स्विच चालू केल्यावर कॉइलला १२ व्होल्ट देतो. दुसऱ्या प्रकारचा स्विच मॅग्नेटोवाल्या इंजिनला लावला तर १२ व्होल्ट मॅग्नेटोत जातात आणि कॉइल जळू शकते. मल्टीमीटरने प्रत्येक पोझिशनला कुठली पाती कुठल्या पातीला जोडली जाते याचा तक्ता करा, दहा मिनिटांचं काम आहे.

८. हे पार्ट हमखास अनोळखी वाटतात

पत्र्याच्या किंवा लोखंडी ब्रॅकेटवर दोन आयडलर पुली, त्या बाकीच्या पुलींपेक्षा वेगळ्याच दिशेला तोंड करून: हा म्यूल ड्राइव्ह. इंजिनच्या पुढच्या पुलीवरून येणारा पट्टा वळवून खाली डेककडे नेतो. हा नसेल तर डेक चालतच नाही, आणि लोक भंगारात टाकतात. सापडला तर जपा.

कॅमशाफ्टवर छोटी स्प्रिंग आणि हलणारं वजन दिसलं तर ते तुटलेलं काही नाही, तो कॉम्प्रेशन रिलीज आहे, सुरू करताना व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो. म्हणून अशा इंजिनचं कॉम्प्रेशन स्टार्टरवर मोजलं तर कमी येतं, लगेच रिंग बदलायला जाऊ नका.

एका बाजूला जड असलेले दोन गिअर, कोहलरच्या मोठ्या के इंजिनात: बॅलन्स गिअर, थरथर कमी करायला. खोललेल्या इंजिनात नसतील तर घाबरू नका, बरेच मेकॅनिक ते तुटून ब्लॉक फोडू नयेत म्हणून ओव्हरहॉलला काढून ठेवतात. असतील तर त्यांच्या खुणा मॅन्युअलप्रमाणे क्रँकला जुळल्याच पाहिजेत.

गव्हर्नरची (इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग साधी दिसते पण कुठल्या भोकात अडकवली त्यावर इंजिनचा वेग ठरतो. अंदाजाने कुठलीही स्प्रिंग लावू नका. या इंजिनांची कमाल मर्यादा सहसा ३६०० आरपीएम, त्यापुढे गेलं तर कनेक्टिंग रॉड तुटून केसिंगबाहेर येऊ शकतो.

हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ट्रान्समिशनवर (सँडस्ट्रँड, ईटन या कंपन्यांचं) एखादा लिव्हर किंवा दाबायचा व्हॉल्व्ह असतो, तो ट्रॅक्टर हाताने ढकलता यावा म्हणून. तो न सोडता ट्रॅक्टर ओढून नेऊ नका. आणि आतलं काही ओळखायचं म्हणून ते युनिट धुळीत उघडू नका, आधी बाहेरचा टॅग वाचा.

९. तरीही नाही कळलं तर

जाणकाराला विचारा, पण नीट विचारा. नुसता हातावर ठेवलेला धूसर फोटो पाठवून "हे काय आहे" विचारलं तर उत्तर येतं "फ्रेमचा फोटो पाठवा". पहिल्यांदाच एवढं द्या:

- ट्रॅक्टरचा मॉडेल आणि सिरियल, इंजिनचं मॉडेल
- पार्टचे चार बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून
- भोकांचे व्यास, दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, आटे
- कास्टिंग आणि पंच केलेले सगळे नंबर, अर्धवट दिसणारे पण
- कुठून निघाला, शेजारी काय होतं, किंवा डब्यात सुटा मिळाला असेल तर तसं स्पष्ट सांगा

भोकांमधलं अंतर फार उपयोगी पडतं, कारण तेच अंतर फ्रेमवर दोन ठिकाणी सहसा सारखं येत नाही. पुठ्ठ्यावर पार्ट ठेवून पेन्सिलने भोकांसकट आकार काढा, कापा, आणि तो पुठ्ठा घेऊन फ्रेमवर फिरवून बघा. जड लोखंडी तुकडा उचलून धरण्यापेक्षा हे सोपं, आणि जिथे सगळी भोकं एकदम जुळतात तिथे पेन्सिलने खूण करून फोटो काढून ठेवा, रंगकाम झाल्यावर ती खूण दिसणार नाही.